एकदा गांधी झाल्यावर पुढे काय?

१९८३ साली ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत बेन किंग्जली यांना 'गांधी' या एकाच चित्रपटासाठी दोन पुरस्कार मिळाले. एक सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा, दुसरा प्रमुख भूमिकेतल्या सर्वांत आश्वासक नवोदिताचा. हा नवोदित तेव्हा ३९ वर्षांचा होता. इंग्लंडातल्या सगळ्यात मानाच्या नाटक कंपनीत त्याचा हॅम्लेट करून झाला होता, ब्रूटस करून झाला होता, आणि अभिनयावर पोट भरायला लागून १५ वर्षं उलटली होती. अमेरिकेतल्या गोल्डन ग्लोबवाल्यांनीही तेच केलं. एक पुरस्कार अभिनयासाठी आणि एक 'नवा तारा' म्हणून.

नवोदित म्हणायला कारण एवढंच की सिनेमाच्या कॅमेऱ्याने या माणसाला नीट पाहिलंच नव्हतं. इंग्लंडात असं सर्रास होतं. नट पंधरा-वीस वर्षं रंगमंचावर एकाहून एक भूमिका करत असतो, जाणकारांच्या तोंडी त्याचं नाव असतं, पण बसमध्ये शेजारी बसलेल्याला तो कोण ते ठाऊक नसतं. मग एखादा चित्रपट येतो आणि जग विचारतं, हा कुठून उगवला? ॲलन रिकमन 'डाय हार्ड'मधून पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर आले तेव्हा त्यांनीही चाळिशी ओलांडली होती.

किंग्जली यांची अडचण मात्र रिकमन यांच्यापेक्षा मोठी होती. पडद्यावरची त्यांची पहिली मोठी भूमिका होती महात्मा गांधींची. ज्याच्या चेहऱ्याकडे पाहून लोक हात जोडतात, अशा नटाला उद्या गुंडाची भूमिका कोण देणार? आपल्याकडे देवाची भूमिका गाजली की तो नट आयुष्यभर देवच राहतो. किंग्जली यांच्या बाबतीत तसं झालं नाही. का झालं नाही, हे समजून घ्यायला इंग्लिश नटाची कारकीर्द कशी घडते ते आधी पाहावं लागतं.

भानजी ते किंग्जली

त्यांचं जन्मनाव कृष्णा पंडित भानजी. जन्म ३१ डिसेंबर १९४३ चा, यॉर्कशरमधल्या स्नेंटन गावातला. वडील रहिमतुल्ला हरजी भानजी डॉक्टर होते, पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या गुजराती खोजा कुटुंबातले. आई इंग्लिश, तिने मॉडेलिंग केलं होतं, थोडा अभिनयही. आजोबांचा झांझिबारला मसाल्यांचा व्यापार होता आणि लवंगांमुळे लोक त्यांना 'किंग क्लोव्ह' म्हणत. मुलगा वाढला मँचेस्टरजवळ, सॅलफर्डच्या बाजूला, म्हणजे गिरण्यांच्या आणि गोद्यांच्या मुलखात.

भानजी नाव घेऊन ऑडिशन दिली की काम मिळत नसे आणि नाव बदलताच मिळू लागलं, असं किंग्जली यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. वडिलांच्या टोपणनावातून 'बेन' आलं, आजोबांच्या लवंगेतून 'किंग्जली'. गंमत बघा, भारतीय वाटू नये म्हणून नाव बदललं, आणि जगात नाव झालं ते सर्वांत प्रसिद्ध भारतीय माणूस पडद्यावर उभा केल्यामुळे. एक गोरा इंग्रज गांधी करणार म्हणून भारतात ओरड झाली तेव्हा बदललेल्या नावामागचं तेच गुजराती घराणं उपयोगी पडलं.

अभिनयाचं वेड मात्र घराण्यातून आलं नव्हतं. १९६४ च्या सुमाराला शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, इयन होम या नटाचा तिसरा रिचर्ड त्यांनी पाहिला आणि प्रयोग बघताना आपल्याला भोवळच यायची बाकी राहिली होती, असं ते सांगतात. मग हौशी रंगभूमी, आणि १९६६-६७ मध्ये 'कोरोनेशन स्ट्रीट' या मालिकेत रॉन जेंकिन्स नावाची छोटीशी भूमिका. ही मालिका मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनची, डिसेंबर १९६० मध्ये सुरू झालेली आणि अजून चालू असलेली. उत्तर इंग्लंडातल्या कितीतरी नटांना कॅमेऱ्याची पहिली ओळख तिनेच करून दिली. त्याच काळात एका नाटकात ते गायलेही. जॉन लेनन यांनी आपल्याला गाण्यातच राहा असं सुचवलं होतं, हा किस्सा किंग्जली अजून रंगवून सांगतात. तो सल्ला त्यांनी मानला नाही. १९६७ साली ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेले.

कंपनी म्हणजे काय

इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

रॉयल शेक्सपिअर कंपनी दिग्दर्शक पीटर हॉल यांनी १९६१ मध्ये नव्याने बांधली. स्ट्रॅटफर्ड हे मुख्य ठाणं, लंडनला ऑल्डविच थिएटर. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, ब्रिटनमध्ये आर्ट्स कौन्सिल स्थापन झालं होतं. सरकारचा पैसा त्याच्यामार्फत नाट्यसंस्थांना मिळे, पण कुठलं नाटक करायचं हे सरकार सांगत नसे. या पैशाच्या जोरावर कंपनीला नट करारावर ठेवता येत. पगार बेताचा, पण ठरलेला. नाटक पडलं म्हणून त्या आठवड्यात चूल बंद, असं होत नसे.

आणि नाटकं अदलून-बदलून लावली जात. सोमवारी एक, मंगळवारी दुसरं, गुरुवारी दुपारी तिसरं. तेच तेच नट सगळ्यांत. त्यामुळे एका नाटकात नायक असलेला माणूस दुसऱ्यात चार वाक्यांचा दूत असू शकतो आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण शेजारी कपडे बदलत असलेल्याचंही तेच चाललेलं असतं. आपल्याकडे व्यावसायिक नाटकाचे पाचशे प्रयोग होतात तेव्हा नट एकाच भूमिकेत खोल खोल जातो. त्याचे फायदे आहेतच. पण एकाच आठवड्यात तीन वेगवेगळी माणसं व्हायची सवय ही निराळी गोष्ट आहे.

किंग्जली यांचा १९७९ चा हंगाम घ्या. 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मध्ये ते फोर्ड होते, बायकोवर विनाकारण संशय घेऊन स्वतःचं हसं करून घेणारा नवरा. 'सिंबेलाइन'मध्ये इयाकिमो, म्हणजे पेटीत लपून परस्त्रीच्या शेजघरात शिरणारा आणि तिच्या नवऱ्याच्या मनात संशय पेरणारा लबाड. 'ज्युलियस सीझर'मध्ये ब्रूटस, तत्त्वासाठी मित्रावर सुरी चालवणारा. एका नाटकात संशयाचा बळी, दुसऱ्यात संशयाचा सूत्रधार. नटाचा चेहरा लोकांच्या मनात एका साच्यात बसायला वेळ तरी कुठून मिळणार?

त्याआधी १९७० मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' केलं. झाडं नाहीत, जंगल नाही. नुसता पांढराशुभ्र पेटीसारखा मंच, वरून लटकणारे झोपाळे, आणि सर्कशीतल्यासारख्या कसरती करणारे नट. विसाव्या शतकातल्या सगळ्यात जास्त चर्चिल्या गेलेल्या शेक्सपिअर प्रयोगांपैकी तो एक. किंग्जली त्यात डेमेट्रियस होते. १९७५ मध्ये बझ गुडबॉडी या तरुण दिग्दर्शिकेने स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस' या पत्र्याच्या शेडमध्ये 'हॅम्लेट' बसवला, त्यातला हॅम्लेट किंग्जली यांचा. शेड इतकी छोटी की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचा श्वास ऐकू यावा. मला ही शेड फार महत्त्वाची वाटते. मोठ्या नाट्यगृहात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागतो आणि कॅमेऱ्यासमोर तीच सवय नडते. हाताच्या अंतरावरचा हॅम्लेट ही एका अर्थी कॅमेऱ्याचीच तयारी होती, फक्त कॅमेरा नव्हता.

तिसरी गोष्ट आवाजाची. कंपनीत सिसिली बेरी नावाच्या आवाजाच्या गुरू होत्या आणि जॉन बार्टन हे शेक्सपिअरचं पद्य बोलायचं कसं हे शिकवणारे दिग्दर्शक. बार्टन यांच्या कार्यशाळा पुढे टीव्हीवर 'प्लेइंग शेक्सपिअर' म्हणून आल्या. त्यात जुडी डेंच, इयन मॅकेलन, पॅट्रिक स्टुअर्ट, डेव्हिड सुशे यांच्यासोबत किंग्जलीही बसलेले दिसतात. एकच ओळ पाच तऱ्हांनी म्हणून बघायची आणि प्रत्येक वेळी अर्थ कसा हलतो ते तपासायचं, असा तो प्रकार. हे नट पुढे पोलिश, इराणी, अमेरिकन कोणीही होऊ शकले याचं मूळ या तालमीत आहे.

टीव्हीचंही थोडं सांगायला हवं. त्या काळी बीबीसीची नाटकं आणि मालिका बऱ्याचदा स्टुडिओत होत. आधी तालमी, मग तीन-चार कॅमेरे लावून चित्रण. रंगमंचावरच्या नटाला ही पद्धत परकी वाटत नसे. शिवाय अंतरं छोटी. नाटकाचा हंगाम संपला की टीव्हीचं काम, ते संपलं की पुन्हा नाटक. अमेरिकेत नाटक न्यूयॉर्कला आणि सिनेमा साडेतीन-चार हजार किलोमीटर पलीकडे लॉस एंजेलिसला, त्यामुळे नटाला एक बाजू निवडावी लागे. लंडनमध्ये तसं नव्हतं. किंग्जली यांनी १९७५ मध्ये बीबीसीच्या 'द लव्ह स्कूल' या मालिकेत कवी-चित्रकार रोझेटी साकारला. सिनेमात मात्र १९७२ च्या 'फिअर इज द की'नंतर जवळजवळ दहा वर्षं सांगण्यासारखं काही नाही.

गांधी, आणि त्यातली आपली माणसं

रिचर्ड ॲटनबरो गांधींवर चित्रपट करायचा ध्यास घेऊन १९६२ पासून फिरत होते. लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयात काम करणारे मोतीलाल कोठारी यांनी त्यांच्या डोक्यात ती कल्पना घातली. नेहरूंची भेट झाली, पैसा जमला, पैसा गेला, निर्माते पळाले. शेवटी १९८० मध्ये योग जुळला तो ब्रिटिश भांडवल आणि आपल्या एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, वाटा मिळून. मुख्य भूमिकेसाठी बड्या इंग्लिश नटांची नावं येऊन गेली होती. किंग्जली यांचं नाव सुचवलं ॲटनबरो यांच्या मुलाने, मायकेलने. तो स्वतः नाट्यदिग्दर्शक. किंग्जली तेव्हा 'निकोलस निकल्बी' या प्रचंड गाजलेल्या नाटकात क्रूर शाळामास्तर स्क्विअर्स करत होते. मुलांना उपाशी ठेवणारा स्क्विअर्स करून नट थेट गांधींकडे! निकल्बीचं पुढे टीव्हीसाठी चित्रण झालं तेव्हा किंग्जली त्यात नव्हते, स्क्विअर्स दुसऱ्याने केला.

भारतातूनही काही जण चाचणीसाठी लंडनला गेले होते: नसीरुद्दीन शाह, स्मिता पाटील, भक्ती बर्वे, रोहिणी हट्टंगडी. कस्तुरबांची भूमिका रोहिणीताईंना मिळाली. त्या तेव्हा तिशीच्या आसपास होत्या आणि त्यांना चौऱ्याहत्तर वर्षांच्या कस्तुरबांपर्यंत जायचं होतं. बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले झाले डॉ. श्रीराम लागू. कस्तुरबांच्या अखेरच्या दिवसांचं चित्रण पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्येच झालं, जिथे त्या खरोखर गेल्या. आणि वेशभूषा कोल्हापूरच्या भानू अथैया यांची, जॉन मोलो यांच्यासोबत. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती त्या. सूट घालून आगगाडीतून ढकलून दिला गेलेला बॅरिस्टर हळूहळू धोतर-पंचावर येतो, हा गांधींचा प्रवास चित्रपटात आधी कपड्यांतून दिसतो आणि मग संवादांतून. किंग्जली यांच्या यशात या बाईंचा वाटा किती, याचा हिशेब आपण मराठी माणसांनीही पुरेसा मांडलेला नाही.

चित्रीकरण नोव्हेंबर १९८० मध्ये सुरू झालं तेव्हा किंग्जली ३६ वर्षांचे होते. तेविशी-चोविशीतल्या वकिलापासून ७८ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंतचा पल्ला गाठायचा होता. त्यांनी वजन घटवलं, योगासनं केली, बोलता बोलता सूत काततो असं दिसावं म्हणून चरखा शिकले. हे सगळं प्रसिद्धीच्या मजकुरात नेहमी येतं. मला मात्र त्यांच्या कामात विनोदबुद्धी जास्त महत्त्वाची वाटते. त्यांचा गांधी मिश्कील आहे. इंग्रज अधिकाऱ्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांत 'तुझी गंमत करतोय, कळतंय का?' असा भाव सतत असतो. संताला माणूस केलं ते त्या मिश्कीलपणाने, आणि ही युक्ती विनोदी फोर्ड केलेल्या नटालाच सुचू शकते.

अंत्ययात्रेचं दृश्य ३१ जानेवारी १९८१ ला, म्हणजे प्रत्यक्ष अंत्ययात्रेला ३३ वर्षं झाली त्या दिवशी, दिल्लीत घेतलं. माणसं ३ लाखांच्या वर, पडद्यावर जेमतेम दोन मिनिटं. आणखी एक बारकावा: हिंदीत हा चित्रपट आला तेव्हा गांधींचा आवाज होता पंकज कपूर यांचा. शाळेतून नेऊन ज्यांना हिंदी 'गांधी' दाखवला, त्यांनी किंग्जली यांचा चेहरा पाहिला आणि आवाज कपूरांचा ऐकला.

११ एप्रिल १९८३ च्या ऑस्कर सोहळ्यात 'गांधी'ला ११ नामांकनांपैकी ८ पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या यादीत किंग्जली यांच्यासमोर होते पॉल न्यूमन, डस्टिन हॉफमन, जॅक लेमन आणि पीटर ओटूल. सगळे हरले.

शिक्का कसा पुसायचा

आता खरा पेच. सिनेमाच्या धंद्यात नटावर शिक्का बसतो तो प्रेक्षकांमुळे कमी, निर्मात्यांमुळे जास्त. पैसे लावणाऱ्याला खात्री हवी असते. जे एकदा चाललं तेच पुन्हा मागवणं ही त्याच्या दृष्टीने सगळ्यात सुरक्षित चाल. म्हणजे किंग्जली यांच्याकडे संत, साधू, राष्ट्रपिते यांची रांग लागणार. यातून सुटायचे मार्ग दोनच. एक, आलेलं नाकारत राहायचं. दुसरा, छोट्या भूमिका घ्यायच्या, कारण छोट्या भूमिकेत निर्माता धोका पत्करतो.

त्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते नाटककार हॅरल्ड पिंटर यांच्या 'बिट्रेयल'मध्ये (१९८३). तीन माणसांची गोष्ट. किंग्जली त्यात फसवला गेलेला नवरा, लंडनचा एक प्रकाशक, नीटनेटका आणि आतून विषारी. मग १९८५ मध्ये पुन्हा कंपनीत परत जाऊन 'ऑथेल्लो', समोर इयागो म्हणून डेव्हिड सुशे. ऑस्कर मिळालेला माणूस बेताच्या पगारावर स्ट्रॅटफर्डला परत जातो, हे हॉलिवूडच्या एजंटला वेडेपणाचं वाटेल. इंग्लंडात ते जवळजवळ अपेक्षितच असतं. त्याच वर्षी बीबीसीसाठी 'सायलस मार्नर', एका एकलकोंड्या विणकराची कथा. आणि १९८८ मध्ये 'विदाउट अ क्लू' नावाच्या विनोदी चित्रपटात डॉ. वॉटसन, जिथे शेरलॉक होम्स झालेले मायकेल केन हे बिनडोक आहेत आणि खरी बुद्धी वॉटसनची.

यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. नायक म्हणून मिरवणाऱ्या भूमिका यात फारशा नाहीत. किंग्जली यांनी दुसरी खुर्ची निवडली. इंग्रजीत ज्यांना 'कॅरेक्टर ॲक्टर', म्हणजे चरित्र अभिनेते, म्हणतात त्यांचा हा रस्ता, आणि तो दूरवर जातो. चित्रपट पडला तर दोष नायकाचा. बाजूच्या भूमिकेतला नट दोन महिन्यांत दुसऱ्या सेटवर असतो. 'बग्झी' (१९९१) मध्ये ते मायर लॅन्स्की हा गुन्हेगारी जगातला हिशेबी डोक्याचा माणूस झाले आणि दुसरं ऑस्कर नामांकन मिळालं, या वेळी सहायक अभिनेत्याच्या गटात. गांधींचा शिक्का तिथे पुसला गेला असं म्हणायला हरकत नाही.

मग १९९३, 'शिंडलर्स लिस्ट'. इट्झाक श्टर्न हा ज्यू हिशेबनीस. चित्रपटातला श्टर्न हा प्रत्यक्षातल्या एकाहून अधिक माणसांना मिळून बनवलेला आहे. लियम नीसन यांचा शिंडलर उंचापुरा, बोलका, खिलवणारा-पिणारा. श्टर्न आक्रसलेला, टोपी आणि चष्म्याआड. शिंडलर त्याला पुनःपुन्हा प्यायला देऊ करतो, श्टर्न ग्लासला हात लावत नाही. अगदी शेवटाकडे, सगळं संपलं असं दिसतं तेव्हा तो म्हणतो की आता घ्यायलाच हवी, आणि घेतो. किंग्जली त्या प्रसंगात जवळजवळ काहीच करत नाहीत. आवाज चढत नाही, चेहरा हलत नाही, पाणी डोळ्यांच्या कडेला थांबतं. अर्धा चित्रपट त्या एका घोटासाठी राखून ठेवलेला असतो. श्टर्नसाठी त्यांना ऑस्करचं नामांकनसुद्धा मिळालं नाही. माझ्या मते ती त्यांची सर्वांत चांगली भूमिका आहे.

आणि सात वर्षांनी डॉन लोगन. 'सेक्सी बीस्ट' (२०००) हा जोनाथन ग्लेझर यांचा पहिला चित्रपट. स्पेनमध्ये उन्हात निवृत्त आयुष्य जगणाऱ्या एका दरोडेखोराकडे लंडनहून डॉन येतो, शेवटच्या एका कामासाठी त्याला परत न्यायला. डॉनचं डोकं तुळतुळीत, पाठ ताठ, आणि तोंड अखंड चालू. 'नाही' हे उत्तर त्याला समजतच नाही. तेच वाक्य तो उलटसुलट करून इतक्या वेळा आदळतो की समोरच्याला वाटावं, जीव गेला तरी चालेल पण हा गप्प व्हावा. बार्टन यांची एकच ओळ पाच तऱ्हांनी म्हणायची तालीम इथे शिव्यांच्या कामी आली. हा राग आपण आपल्या आईच्या आईवरून उचलला असं किंग्जली यांनी सांगितलं आहे. बाई भलत्याच खाष्ट असाव्यात. पुन्हा ऑस्कर नामांकन, आणि हार दुसऱ्या इंग्लिश नटाकडूनच, जिम ब्रॉडबेंट यांच्याकडून. चौथं नामांकन 'हाउस ऑफ सँड अँड फॉग' (२००३) साठी, त्यात ते शाहच्या राजवटीतले, पुढे परागंदा झालेले इराणी कर्नल होते.

श्टर्न, नाझींचा माग काढणारे सायमन वीझेनथाल (१९८९), ॲन फ्रँकचे वडील ओटो (२००१), २००५ च्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला फेगिन, इराणी कर्नल, पुढे 'लर्निंग टू ड्राइव्ह'मधला शीख टॅक्सीवाला. अर्धा गुजराती, अर्धा इंग्लिश असा तो चेहरा कुठल्याही देशात खपून जातो. आज असं काम निर्वेध राहिलेलं नाही. शीख भूमिकेला शीख नट का नको, हा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्तही आहे. पण ज्या तरुणाला स्वतःच्या नावाने कामच मिळत नव्हतं, त्याने सगळ्या जगाच्या भूमिका घेतल्या, ही बाजूही त्यात आहे.

टीव्ही, भाड्याचे चित्रपट आणि ट्रेव्हर

वर वीझेनथाल आणि ओटो फ्रँक यांचा उल्लेख आला, ती दोन्ही कामं टीव्हीची. अमेरिकन वाहिन्यांवर तेव्हा दोन-चार तासांचे चरित्रपट पुष्कळ होत आणि गंभीर नटाला तिथे मुख्य भूमिका मिळे, जी सिनेमात मिळत नसे. बायबलमधला मोझेस झाला, जोसेफच्या कथेतला पोटिफर झाला. अशा कामांनी इंग्लिश नटांना नव्वदच्या दशकात चांगला हात दिला. गांधींची वचनं वाचलेल्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांना ग्रॅमीही मिळालं आहे, १९८५ मध्ये. पद्मश्री १९८४ ची, 'सर' किताब २००२ चा.

आणि किताबानंतर काय आलं, तर 'थंडरबर्ड्स', 'ब्लडरेन', 'द लव्ह गुरू'. शेवटच्यात ते चकण्या डोळ्यांचे भारतीय गुरू आहेत आणि भारतीय प्रेक्षकाला ते बघवत नाही. 'ब्लडरेन'मध्ये रक्तपिपासू पिशाच का केलं, तर तसे दात आणि तसा लांब काळा अंगरखा घालायची हौस होती, असं त्यांनी सांगितलं. अमिताभ बच्चन यांच्यासोबत 'तीन पत्ती' (२०१०) केला, तोही फार कोणाला आठवत नसेल. चाहते यावर हळहळतात. मी हळहळत नाही. कंपनीत वाढलेल्या नटाला घरी बसून उत्तम संहितेची वाट पाहणं माहीत नसतं. हंगामात चार नाटकं मिळतात, त्यातलं एखादं पडणारच. दोन-तीन आठवड्यांचं काम, बरा पैसा, आणि कधीकधी त्याच रांगेतून मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'ह्यूगो' (२०११) निघतो, ज्यात किंग्जली सिनेमाचे आद्य जादूगार जॉर्ज मेलिएस झाले.

२०१३ मध्ये 'आयर्न मॅन ३' हा कॉमिक्सवर बेतलेला चित्रपट आला. जाहिरातींत किंग्जली दाढीवाले, धीरगंभीर, जगाला धमकावणारे दहशतवादी 'मँडरीन' होते. चित्रपटाच्या मध्यावर कळतं की मँडरीन वगैरे कोणी नाही. हा तर ट्रेव्हर स्लॅटरी, लिव्हरपूलचा पडेल, पेताड रंगभूमीनट, ज्याला पैसे देऊन ही भूमिका करायला बसवलंय. क्रॉयडन या लंडनच्या उपनगरात आपला 'किंग लिअर' किती गाजला हे तो अशा थाटात सांगतो की हसू आवरत नाही. कॉमिक्सच्या कट्टर चाहत्यांना हे रुचलं नाही, त्यांना खरा खलनायक हवा होता. पण इंग्लिश नटाच्या सगळ्या आयुष्याची याहून चांगली थट्टा झालेली नाही: हंगामी काम, आवाजाचा अभिमान, उपनगरातलं यश, आणि पैशाची निकड. आठ वर्षांनी ट्रेव्हर 'शांग-ची'मध्ये परत आला, तो इतका लाडका झाला होता.

त्यानंतरही किंग्जली थांबलेले नाहीत. २०२३ मध्ये वेस अँडरसन यांच्या 'हेन्री शुगर' या लघुपटात डोळे न वापरता पाहू शकणारा इमदाद खान, आणि त्या लघुपटाला ऑस्कर. २०२५ मध्ये 'द थर्सडे मर्डर क्लब', वृद्धाश्रमात राहून खुनांचा छडा लावणाऱ्या चौघांची गोष्ट. हेलन मिरन, पिअर्स ब्रॉस्नन, सीलिया इम्री आणि चौथे किंग्जली, इब्राहिम नावाचे निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ. मिरनसुद्धा त्याच रॉयल शेक्सपिअर कंपनीतल्या, किंग्जली नवखे असतानाच्या काळातल्या.